हॅलीला एल्व्हिसनं संपवलं, म्हणे!

रॉक अँड रोलचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फॉरवर्ड होऊन येतो. त्याचा मथितार्थ असा: 'बिल हॅली अँड हिज कॉमेट्स' हा बँड एका रात्रीत वर आला. 'रॉक अराउंड द क्लॉक' हे जगातलं पहिलं रॉक अँड रोल गाणं त्यांनी केलं. मग देखणा गायक एल्व्हिस प्रेस्ली आला, त्यानं तिशी ओलांडलेल्या गोलमटोल हॅलीचा पत्ता कापला, आणि बिचारा विस्मृतीत मेला. गोष्ट म्हणून झकास आहे. तपासायला घेतली की मात्र एकेक कलम गळून पडतं.

एका रात्रीत? हॅली १९२५ सालचा. १९४० च्या दशकात तो काउबॉय टोपी घालून यॉडलिंग (आवाज झटक्यात वर-खाली नेत गाणं) करणारा कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाचा गायक होता, पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावच्या रेडिओ स्टेशनवर नोकरी करत होता. बँडचं नाव 'सॅडलमेन'. टोपी उतरली आणि 'कॉमेट्स' हे नाव लागलं ते १९५२ मध्ये. पुढच्या वर्षी 'क्रेझी मॅन, क्रेझी' अमेरिकेच्या यादीत बाराव्या नंबरापर्यंत गेलं. म्हणजे ते जगप्रसिद्ध गाणं रेकॉर्ड होण्याआधीच या मंडळींचं नाव झालेलं होतं.

आणि त्या गाण्याचं तरी काय झालं? १२ एप्रिल १९५४, न्यूयॉर्कचं पायथियन टेंपल, डेक्का कंपनीचं रेकॉर्डिंग. बँडची फेरीबोट वाळूत रुतली, त्यामुळे सगळे उशिरा पोचले. निर्माता मिल्ट गेबलरला रस होता तो 'थर्टीन विमेन' या दुसऱ्याच गाण्यात. हायड्रोजन बॉम्बनंतर गावात एकच पुरुष उरतो, अशी त्याची अचाट कल्पना. बहुतेक वेळ त्यातच गेला. शेवटी उरलेल्या थोड्या वेळात 'रॉक अराउंड द क्लॉक'चे घाईघाईत दोन टेक झाले, आणि पहिल्यात वाद्यांनी हॅलीचा आवाज पार गिळून टाकला. मे महिन्यात तबकडी आली तेव्हा हे गाणं मागच्या बाजूला होतं. थोडंफार खपलं आणि थंडावलं. मार्च १९५५ मध्ये 'ब्लॅकबोर्ड जंगल' या सिनेमाच्या श्रेयनामावलीवर ते वाजलं, तेव्हा कुठे तरुण पोरं पेटली. ९ जुलैला पहिला नंबर, आणि तिथे आठ आठवडे मुक्काम. ही 'एक रात्र' चांगली सव्वा वर्ष चालली!

पहिलं गाणं? छे. ते हॅलीच्या आधी 'सनी डे अँड हिज नाइट्स' यांनीच रेकॉर्ड केलं होतं, फक्त ते चाललं नाही. 'पहिलं रॉक अँड रोल' हा मान द्यायचाच तर मार्च १९५१ मध्ये मेम्फिसला झालेल्या 'रॉकेट ८८'चा दावा जास्त भक्कम आहे. आइक टर्नरचा बँड, गायक जॅकी ब्रेन्स्टन, सगळे कृष्णवर्णीय. हॅलीनं त्याच वर्षी त्याची आपली आवृत्ती काढली. शिवाय गेबलर हा कृष्णवर्णीय गायक लुई जॉर्डनच्याही तबकड्या करत असे, आणि तिथला ठेका त्यानं कॉमेट्सच्या हातात दिला. उसनवारी उघड होती, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच गायब असते.

आता गिटार ऐका. 'रॉक अराउंड द क्लॉक'मधला तो सुसाट सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, डॅनी सेड्रोनचा. तो बँडचा पगारी माणूसही नव्हता, रेकॉर्डिंगपुरता बोलावलेला. वेळ नव्हता म्हणून त्यानं १९५२ मधल्या 'रॉक द जॉइंट'चा स्वतःचाच सोलो जसाच्या तसा वाजवला. मेहनताना २१ डॉलर. जूनमध्ये जिन्यावरून पडून तो गेला. गाणं गाजलेलं त्याला कळलंच नाही.

मुख्य आरोप एल्व्हिसवर. इथे तारखा बघाव्यात. एल्व्हिसचं 'हार्टब्रेक हॉटेल' पहिल्या नंबरावर गेलं १९५६ च्या वसंतात. कॉमेट्स फुटले सप्टेंबर १९५५ मध्ये, आणि कारण होतं पगार. हॅली, पियानोवाला जॉनी ग्रँड, स्टील गिटारवाला बिली विल्यमसन आणि मॅनेजर जिम फर्ग्युसन हे भागीदार. बाकीचे आठवड्याच्या पगारावर. गाणं देशात अव्वल ठरलं आणि सॅक्सोफोनवाला जोई, ड्रमर डिक आणि बेसवाला मार्शल यांनी पगारवाढ मागितली. नाही म्हटल्यावर तिघेही बाहेर पडले आणि तिघांच्या नावांची अक्षरं जोडून 'जोडिमार्स' काढला. उड्या मारत बेस वाजवणारा, जमिनीवर लोळून सॅक्सोफोन फुंकणारा, म्हणजे स्टेजवरची निम्मी धमाल एका फटक्यात गेली. यात एल्व्हिसचा काय दोष?

बरं, त्यानंतरही हॅली लगेच आटोपला नाही. 'सी यू लेटर, ॲलिगेटर' १९५६ चं. फेब्रुवारी १९५७ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्याला बघायला इतकी झुंबड उडाली की वर्तमानपत्रांनी दुसरी वॉटर्लूची लढाई लढवली. हे मात्र कबूल की प्रत्यक्ष बघितल्यावर पोरांना समोर एक शांत, संसारी गृहस्थ दिसला आणि तिथली हवा ओसरली. तेवढ्यापुरता एल्व्हिसचा चेहरा आडवा आला, असं म्हणा हवं तर. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅलीला मेक्सिकोत जावं लागलं ते थकलेल्या करामुळे. आणि तिथे त्यानं स्पॅनिशमध्ये ट्विस्ट या नाचाच्या गाण्यांच्या तबकड्या काढून पुन्हा खप मिळवला.

विस्मृतीचं कलम सर्वांत लंगडं. तेच जुनं गाणं १९६८ आणि १९७४ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या विसात परत आलं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या पुनरागमन मैफलीत लोक आठ मिनिटांवर उभं राहून टाळ्या वाजवत होते. नोव्हेंबर १९७९ मध्ये तो इंग्लंडच्या राणीपुढे गायला. शेवटचा काळ वाईट गेला, दारू होती, आजारपण होतं, आणि ९ फेब्रुवारी १९८१ रोजी टेक्सासमधल्या हार्लिंजनमध्ये ५५ व्या वर्षी तो गेला.

विसरले कोणाला, तर कॉमेट्सना. १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं, म्हणजे या संगीतातल्या मानकऱ्यांच्या दालनानं, एकट्या हॅलीला आत घेतलं. बँडला आणखी पंचवीस वर्षं बाहेर ताटकळावं लागलं. २०१२ मध्ये त्यांचा नंबर लागला, तोवर ग्रँड आणि विल्यमसन दोघेही वारले होते. पगारवाढ न मिळालेले ते तिघे मात्र हयात होते.