ग्रीनलँडचे ‘सर्वांत जुने जीवाश्म’ : दावा अजून सिद्ध नाही

‘ग्रीनलँडमध्ये ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवसृष्टीचा पक्का पुरावा मिळाला’ असा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तो अर्धवट आहे. २०१६ साली इसुआ भागातल्या खडकात शंकूसारखे आकार दिसले आणि ते सूक्ष्मजीवांच्या थरांतून घडलेले स्ट्रोमॅटोलाइट असल्याचा दावा झाला, एवढे खरे. पण २०१८ मध्ये भूवैज्ञानिक अ‍ॅबिगेल ऑलवूड आणि सहकाऱ्यांनी ते आकार तिन्ही बाजूंनी तपासले. एका बाजूने शंकू दिसणारे ते उंचवटे प्रत्यक्षात लांबट वरंबे निघाले. खडक दाबला-ताणला गेला की असे आकार जीवाशिवायही तयार होतात. (केवळ छायाचित्र पाहून ठरवू नये, ते याचसाठी.) मूळ संशोधकांनी हा आक्षेप मान्य केलेला नाही, म्हणजे वाद चालूच आहे. त्यामानाने ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातले सुमारे ३४३ कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट कितीतरी भक्कम पुरावा मानले जातात.