मांजराला अर्धी गोळी? अजिबात नाही!

‘मांजर घरी आणताय? हे पाच नियम पाळा’ हा मेसेज दोन आठवडे आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. मी वाचून सोडून दिला होता. परवा रात्री साडेदहाला मामेबहिणीचा फोन आला. चारच दिवसांपूर्वी आणलेलं पिल्लू मलूल पडलं होतं, अंग गरम लागत होतं. “ताई, त्यात पॅरासिटामॉलची अर्धी गोळी लिहिलीय. मी पावच देते, चालेल ना गं?” गोळी चमच्याने चुरून वाटीतल्या दुधात कालवलेलीही होती. ड्रॉपर सापडत नव्हता, म्हणून फोन आधी आला. आता गप्प बसवत नाही.

म्हणून आधी नियम चौथा : ‘ताप आल्यास ५०० ची अर्धी गोळी द्या.’ पाव नाही, अर्धी नाही, कणभरही नाही! आपलं यकृत हे औषध ज्या प्रक्रियेने निकामी करून बाहेर टाकतं, ती मांजरात फारच दुबळी असते. विषारी अंश साठतो, रक्तातल्या तांबड्या पेशी बिघडतात आणि रक्ताला प्राणवायू पोचवता येत नाही. हिरड्या चॉकलेटी किंवा निळसर दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. मर्क व्हेटरनरी मॅन्युअल हा जगभरच्या पशुवैद्यांचा संदर्भग्रंथ. त्यातही हे औषध मांजराला वर्ज्यच सांगितलंय. साधा हिशेब करा. दहा किलोच्या बाळाला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम देतात. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम पाऊण किलोचं, आणि हा मेसेज त्याला २५० द्यायला सांगतो! कुणी चुकून दिलीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका, घरी उलटी करवू नका, तडक डॉक्टर गाठा. यावर उतारा आहे, पण वेळेत मिळाला तरच उपयोग.

‘पिसवा झाल्यास फिनाइलच्या पाण्याने आंघोळ’ हाही त्याच जातीचा सल्ला. मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे ते फिनाइल पोटातच जाणार. कुत्र्यांचं पिसवांचं औषधही लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात.

‘डोळे उघडले की पिल्लू आणा, लळा लागतो.’ यात थोडं तथ्य आहे, मान्य. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागलेलं पिल्लू चांगलं माणसाळतं. पण तो हात आईजवळ असतानाही लावता येतो. आठ आठवडे त्याला तिथेच राहू द्या. किती जोरात चावायचं नाही, हे ते भावंडांशी मारामारी करतच शिकतं.

‘रोज दूध-पोळी द्या’ या नियमाचं काय? आजीची मांजरं दूध-भातावर जगायची, पण ती उंदीरही मारायची. मांजराला टॉरीन हा गरजेचा पोषक घटक मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की हृदयाचा स्नायू कमजोर होतो, हे १९८७ मध्येच सिद्ध झालंय. शिवाय गाईच्या दुधाने बऱ्याच मांजरांना जुलाब होतात.

शेवटचा नियम, ‘घरात गरोदर बाई असेल तर मांजर सोडून या’, वाचून मात्र संताप आला. टॉक्सोप्लाझ्मा हा मांजराच्या विष्ठेतून पसरणारा परजीवी खरा आहे, गर्भाला धोका होऊ शकतो, हे नाकारत नाही. पण विष्ठेतून बाहेर पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. दुसऱ्या कुणीतरी रोज मांजराच्या शी-शूचा ट्रे साफ करावा, मांजराला कच्चं मांस देऊ नये, बाहेर सोडू नये. अर्धकच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही तो येतोच, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. पोत्यात घालून बाजारात सोडलेल्या मांजराचं काय होतं, ते मी पाहिलंय.

आणि तयारीच करायची तर पिल्लू आणण्याआधी जवळच्या पशुवैद्याचा नंबर फोनमध्ये घाला. बहिणीकडे तो नव्हता. रात्री मी माझ्या डॉक्टरांचा दिला, वाटी सिंकमध्ये ओतायला लावली. सकाळी त्यांनी थर्मामीटर लावला : १०१.८. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०२.५ फॅरेनहाइटपर्यंत ठीक. पिल्लाला ताप नव्हताच. पोटात जंत झाले होते.