डिझेल गळत नसलं तरी लाइन एअर घेते : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, पण मच्छीमार बोटींची इंजिनं खोलण्यात उमर गेली असं लिहिलंत, म्हणून काका म्हणतो.

शिडाच्या बोटीतल्या डिझेल लाइनीवरचा माझा लेख तुम्हाला पुस्तकी वाटला. तुमचं म्हणणं असं : लाइन कोरडी आहे, कुठे थेंब नाही, तर तिथे दोष शोधत बसू नये. फिल्टर बदलावा, एअर, म्हणजे लाइनीत शिरलेली हवा, काढावी. नाही निघाली तर स्टार्टर मारत राहावं, आपोआप निघते. फारच त्रास झाला तर इलेक्ट्रिक पंप लावून मोकळं व्हावं. आणि पुतण्याने जुनी शिडाची बोट घेतलीय, तो माझा लेख वाचून पारदर्शक नळी शोधत गावभर फिरतोय, त्याचा राग वेगळा!

तुमच्या बोटीवर तुमचं खरं आहे. तुम्हीच लिहिलंय की टाकी इंजिनाच्या वर असते. मग डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं, सांधा ढिला असला की थेंब दिसतो, पाना फिरवला की काम झालं. शिडाच्या बोटीत वजन खाली ठेवायचं म्हणून टाकी बहुतेक वेळा तळाशी किंवा बाकाखाली असते. इंजिनावरचा फीड पंप तिथून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या सगळ्या लाइनीत दाब नसतो, ओढ असते. शहाळ्याच्या नळीला चीर गेली की पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात नुसती हवा येते, तसंच इथे. सांधा बाहेरून ठणठणीत कोरडा आणि आतून एअर घेतोय. पंपाच्या पुढे, इंजिनाकडे, गळतं; मागे, टाकीकडे, एअर घेतं. पुतण्याला बाकी काही नाही सांगितलंत तरी चालेल, एवढं सांगा.

नुसत्या तोंडी बोलत नाही. मुंबई बंदरात एका मित्राची फायबरची शिडाची बोट आहे, यानमारचं दोन सिलिंडरचं इंजिन. नांगरावर आयडलला तासभर छान चालायचं. मांडव्याकडे निघून रेस वाढवली की थोड्या वेळाने वर-खाली व्हायला लागायचं आणि मग बंद. एअर काढली की पुन्हा चालू, पुन्हा तेच. फिल्टर नुकताच बदललेला, म्हणून तिकडे कोणी बघत नव्हतं. मी वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा पहिला फिल्टर) आणि फीड पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक डिझेल नळी घातली. आयडलला एखाददुसरा बुडबुडा. रेस दिली तशी बारीक बुडबुड्यांची सलग रांग. नळी सेपरेटरच्या मागे, टाकीच्या बाजूला लावली तर एकही बुडबुडा नाही. मग राहिला तो सेपरेटरच. वरचं झाकण उघडलं. ओ-रिंग, म्हणजे झाकणाची रबरी कडी, एका बाजूला चपटी होऊन खाचेबाहेर आलेली आणि तिथेच कडेला कापलेली. नवा ओ-रिंग फिल्टरच्या खोक्यात तसाच पडून होता. ज्या मेकॅनिकने फिल्टर बदलला त्याने जुनाच परत बसवला होता. म्हणजे दुखणं फिल्टर बदलल्या दिवसापासूनचं. अशा बोटीवर 'आधी फिल्टर बदला' हा सल्ला कुठे नेतो ते तुम्हीच बघा.

एअर की कचरा, हे इंजिन बहुतेक वेळा स्वतःच सांगतं. एअर असेल तर रेस वर-खाली होते, नाहीतर सकाळी चालू होऊन मिनिटभरात मरतं, कारण रात्रभरात डिझेल टाकीत उतरून गेलेलं असतं. अडथळा असेल तर कमी रेसवर बरं चालतं, लोडवर दम सुटतो, आणि थोडं थांबलं की पुन्हा चालू होतं, कारण टाकीतल्या नळीच्या तोंडाला चिकटलेली घाण खाली पडते. सेपरेटरच्या पुढे व्हॅक्युम गेज, म्हणजे ओढ मोजणारा काटा, असेल तर हेच सुईवर दिसतं. सुई चढत गेली तर अडथळा. सुई जागची हलत नाही आणि इंजिन मरतंय तर एअर. तुम्ही या गेजला चैन म्हणालात, मला तो सगळ्यात स्वस्त मेकॅनिक वाटतो. टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत जायची वाट, बुजला तरी लक्षण अडथळ्याचंच. भरायचं झाकण उघडल्यावर 'फुस्स' झालं की समजायचं.

घाण येते कुठून? पावसाळ्यात बोट उभी असते, डेकवरच्या भरायच्या झाकणापाशी पाणी साचतं आणि ओ-रिंग कडक झाला असेल तर ते टाकीत झिरपतं. लोक हवेतल्या दमटपणाला दोष देतात. मी आधी ते झाकण बघतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी धरते, हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची. काळा चिकट गाळ तो तिचाच. ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत लाटांनी टाकी ढवळली की सगळा नळीच्या तोंडाशी. तुम्ही सुचवलेला २ मायक्रॉनचा, म्हणजे अगदी बारीक गाळणारा, फिल्टर सेपरेटरमध्ये घातलात तर अशा वेळी तो लगेच तुंबतो. तिथे १० किंवा ३० पुरे, बारीक गाळायला इंजिनावरचा फिल्टर आहे.

स्टार्टर मारत राहण्याबद्दल मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि इथे नम्रपणा बाजूला ठेवतो. तुमच्या बोटींना ड्राय सायलेन्सर, म्हणजे पाणी न सोडलेला, असेल तर खुशाल मारा, बॅटरीच जाईल. शिडाच्या बोटीत समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असतं. इंजिन नुसतं फिरतंय, पेटत नाही, तरी पाण्याचा पंप प्रत्येक फेरीला पाणी ढकलतोच. ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा दाब नाही. सायलेन्सर भरतो, पाणी उलटं चढतं आणि उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. डिझेलच्या किरकोळ दुखण्यापायी इंजिन गंजून जातं, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून एअर काढताना लांब स्टार्टर मारायचा असेल तर सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद, आणि इंजिनाने पेट घेतला की त्याच क्षणी उघडायचा. माझा मित्र एरवी सी-कॉक बंद केला की इंजिनाची किल्ली त्याच्याच दांडीला अडकवतो, म्हणजे विसरायची सोयच नाही.

एअर हातानेच काढावी. फीड पंपाची दांडी हलवत आधी इंजिनावरच्या फिल्टरचा स्क्रू ढिला करून, मग इंजेक्शन पंपाचा. शेवटी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट ढिले करून, सी-कॉक बंद ठेवून थोडा स्टार्टर. दांडी हलते पण दाब लागत नसेल तर पंपाचा कॅम वर अडकलाय. इंजिन अर्धा-एक फेरा फिरवून घ्यायचं. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नको, ते डिझेल कातडीतून आत शिरतं. तांब्याचे वॉशर जुनेच घालायचे तर लाल तापवून पाण्यात बुडवून मऊ करून घ्या. हे तुम्हाला मी काय सांगणार.

इलेक्ट्रिक पंपाला माझी ना नाही. टाकीजवळ बसवला तर लाइनीत ओढीऐवजी दाब येतो आणि लपलेला सांधा गळून स्वतःच दिसतो. पण सेपरेटरच्या आधी कायम चालू ठेवला तर पाणी डिझेलमध्ये घुसळलं जातं आणि सेपरेटरला ते वेगळं करणं जड जातं. एअर काढायला आणि दोष शोधायला वापरा, रोज दोष झाकायला नको.

पुतण्यासाठी : एका कॅनमध्ये स्वच्छ डिझेल, नवी नळी, थेट फीड पंपाला. बोट जेट्टीला दोन्हीकडून घट्ट बांधून, गेअर टाकून, अर्धा तास लोडवर चालवा. व्यवस्थित चाललं तर इंजेक्शन पंप, नोझल सगळं निर्दोष, दोष मागे. मग तोच कॅन सेपरेटरच्या मागे जोडा. तिथे मेलं तर सेपरेटर किंवा त्याच्या पुढची नळी, नाही मेलं तर टाकीकडचा भाग. हे करण्याआधी डिपस्टिक बघायला सांगा. तेलाची पातळी चढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर बहुधा फीड पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटलाय. तसं असलं तर इंजिन चालवूच नका, पंप उतरवा. नळी ८ मिलिमीटरची लागेल, पण घेण्याआधी निपल, म्हणजे नळी जिच्यावर चढते ती तोटी, मोजून घ्या, प्रत्येक इंजिनाचं सारखं नसतं.