डबा, मायक्रोवेव्ह आणि डॅली एम

सिडनीतल्या आमच्या ऑफिसात मायक्रोवेव्ह एकच आहे आणि तो पॅन्ट्रीच्या अगदी कोपऱ्यात, फ्रिजच्या पलीकडे ठेवलाय. एकदा आत शिरलात की दारातलं माणूस हलल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या कोपऱ्यामुळे घडलंय.

मला रग्बी लीगचा नाद नव्हता हो. मी कोल्हापूरचा, आम्हाला एक कुस्ती माहीत आणि दुसरा फुटबॉल, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असली की आमच्या घरात बाबा आणि काका त्या दिवशी एका ताटलीतली भजी खात नसत. इथे आल्यावर कळलं की सिडनीच्या पश्चिमेला राहायचं तर फुटी, म्हणजे हीच रग्बी लीग, टाळता येत नाही. तेरा-तेरा गडी, ऐंशी मिनिटं, जायचं पुढे पण बॉल फेकायचा मागे, आणि सहा वेळा पाडलं की बॉल गुमान समोरच्याला द्यायचा. आपल्या कबड्डीत एकटा सात जणांत घुसतो, इथे एकामागून एक सगळेच घुसतात, एवढाच मला फरक वाटला आणि तेवढ्यावर मी नऊ वर्षं काढली.

पण मॅच परवडते. मॅच ऐंशी मिनिटांत संपते. सप्टेंबरात अवॉर्डची चर्चा सुरू होते ती संपत नाही.

आता आमच्या पॅन्ट्रीतली मंडळी. एक पेन्रिथ पँथर्स टीमवाला, त्याला मी मनात बिबट्या म्हणतो. दुसरा पॅरामॅटा इल्सवाला. इल म्हणजे आपली वाम, आणि हे घरी सांगितलं तेव्हा मालवणच्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न विचारला की मग तिकडे तिचं कालवण करतात का. तर हा आमचा वाम. आणि तिसरी पेरोलमधली कीवी ताई, ऑकलंडची, तिकडच्या वॉरियर्स टीमसाठी जीव टाकणारी, जिच्या हातात आमचा सगळ्यांचा पगार असल्यामुळे तिच्याशी वाद घालताना दोघंही जरा हात राखून घालतात. बिबट्या, वाम आणि कीवी. रोज दुपारी साडेबाराला पंचतंत्र चालू आणि मी कोपऱ्यात, हातात बटाट्याच्या भाजीचा डबा.

गोष्ट २०२३ ची. डॅली एम म्हणजे इथलं सगळ्यात मोठं मेडल, डॅली मेसेंजर नावाच्या जुन्या जमान्यातल्या खेळाडूच्या नावाने १९८० पासून देतात. प्रत्येक मॅचनंतर जज तीन-दोन-एक असे गुण देतात, आणि त्या वर्षीपासून एकाच्या जागी दोन जज केले, म्हणजे एका मॅचमध्ये जास्तीत जास्त सहा गुण. मजा म्हणजे अर्ध्या सीझनपर्यंत गुण जाहीर करतात आणि मग झाकण लावतात. तिथून पुढे कोणाला किती ते थेट बक्षिसाच्या रात्री. भोंडल्यात खिरापतीचा डबा हलवून हलवून "तिखट की गोड" विचारतात ना, अगदी तसं, फक्त इथे डबा महिनोन्महिने हलवतात.

त्या वर्षी डब्यातून दोन नावांचा वास येत होता. न्यूकॅसलचा कॅलिन पोंगा आणि वॉरियर्सचा शॉन जॉन्सन. जॉन्सन तेहतीस वर्षांचा, लोक त्याला संपला म्हणत होते, आणि तो असला खेळला की कीवी ताईचं चालणंच बदललं, प्रिंटरकडे जातानासुद्धा "अप द वाज!" ही वॉरियर्सची घोषणा ओरडायची. तिचं म्हणणं, आदल्या वर्षी खालून दुसरी असलेली टीम वर चौथी आली ती कोणामुळे? बिबट्याचं म्हणणं, टेबलात पहिले आम्ही, मग बेस्ट खेळाडू चौथ्या नंबरच्या टीमचा कसा? आणि वामचं म्हणणं काहीच नाही, कारण इल्स त्या वर्षी दहावे, त्यामुळे तो थेट १९८६ वर जायचा.

१९८६ बद्दल सांगायलाच पाहिजे. इल्सने शेवटचा कप तेव्हा जिंकला. फायनलचा स्कोअर ४-२, दोन्हीकडून एकही ट्राय नाही, म्हणजे समोरच्याच्या टोकाला जाऊन बॉल जमिनीला टेकवणं कोणालाच जमलं नाही, म्हणजे पूर्ण ऐंशी मिनिटं चिखलात म्हशी फिरल्यासारखं काहीतरी झालं असणार, पण वामसाठी तेच काशी-रामेश्वर. त्याच वर्षी पीटर स्टर्लिंगला डॅली एम मिळालं, आणि फायनलमधल्या बेस्ट खेळाडूला देतात ते क्लाइव्ह चर्चिल मेडल तेव्हाच सुरू झालं, तेही पहिलं स्टर्लिंगलाच. कुठलाही वाद असू दे, पगारवाढ, पार्किंग, एसीचं टेम्परेचर, वाम पाचव्या वाक्याला स्टर्लिंगवर येतो. मी एकदा घड्याळ लावून बघितलंय.

तर रोज हे असं. मी डबा आत ठेवायचो, दोन मिनिटं वीस सेकंद, टिंग व्हायचं, आणि दारात तिघं उभे. "एक्स्क्यूज मी" म्हटलं तर बिबट्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, मेट, तूच सांग. मी काय सांगू? मी म्हणायचो, दोघंही चांगले. मग परत आपसात जुंपायची. भाजी गार. परत दोन मिनिटं. एका बुधवारी मी तीच भाजी तीनदा गरम केली, शेवटी बटाट्याचे कडेकडेचे तुकडे खारकेसारखे झाले होते आणि फोडणीतला कढीपत्ता चावला तर कुर्रर्र आवाज आला.

आणि वादाला दम होता हे मान्य करतो, नाहीतर मी ऐकलं नसतं. "बेस्ट" म्हणजे काय हेच आधी कोणाला ठरवता येत नव्हतं. २०२१ ला टॉम ट्रबोयेविचने फक्त पंधरा मॅच खेळून मेडल नेलं. म्हणजे नऊ मॅच गैरहजर राहूनही पहिला नंबर! आमच्या शाळेत पंच्याहत्तर टक्के हजेरी नसली तर परीक्षेला बसू देत नव्हते. उलट बिबट्याचा लाडका नेथन क्लिअरी, हाफबॅक, त्याच्या बापाच्या म्हणजे आयव्हन क्लिअरीच्याच कोचिंगखाली खेळणारा, त्याला हे मेडल एकदाही नाही. का, तर मध्येच स्टेट ऑफ ओरिजिनला, न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडशी खेळायला जातो, तेवढ्यात क्लबच्या मॅच बुडतात, कधी दुखापत होते, आणि टीम इतकी भारी की गुण चौघांत वाटले जातात. बिबट्या हे सांगताना आवाज इतका खाली आणतो की वाटावं पोराला मेडिकलची सीट एका मार्काने गेली.

कोचचा विषय निघाला की तर नुसता जाळ अन् धूर संगटच. २०२२ ला कप पेन्रिथचा, पण कोच ऑफ द इयर नॉर्थ क्वीन्सलंडचा टॉड पेटन, कारण त्याने तळातली टीम तिसऱ्या नंबरवर आणली. यात मला खरंच मत होतं आणि ते मी तोंडात ठेवायला पाहिजे होतं. पण मी बोललो. म्हटलं, बघा, बोर्डात आलेल्या पोराच्या सरांचा हार घालून सत्कार करायचा, की दोनदा सातवीत बसलेल्याला पास करून दाखवणाऱ्या सरांचा? मला विचाराल तर दुसऱ्या सरांचा, कारण पहिल्याचं पोरगं सर आजारी पडले असते तरी पास झालं असतं.

पॅन्ट्रीत शांतता. बिबट्याचा मीट पाय, म्हणजे खिमा भरलेला पाय, तोंडाशी थांबला. कीवी ताई हळूच म्हणाली, हा माणूस न्यूट्रल आहे. याला जज करा.

झालं! ऑफिसचे आपले डॅली एम ठरले आणि जज मी. एक्सेल शीट आली. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात पंचाला दोन्ही तालमींच्या शिव्या पडतात हे मी लहानपणापासून बघत आलोय, तरी हो म्हणालो, कारण जजला मायक्रोवेव्ह आधी मिळेल असं कबूल झालं होतं. आठवडाभर माझे दिवस होते राव. कीवी ताईने लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केक, आणले आणि माझ्या अर्ज करून पडलेल्या सुट्टीच्या फॉर्मवर तासाभरात सही झाली. बिबट्याने सावलीतली पार्किंगची जागा दिली. वामकडे देण्यासारखं काही नव्हतं, त्याने १९८६ ची आठवण नव्याने सांगितली.

मी घरी बसून प्रामाणिकपणे अभ्यास केला. हायलाइट बघितले, यादी काढली, आणि एक गोष्ट डोळ्यात भरली. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत मेडल गेलं ते तीन फुलबॅकना, एका हाफबॅकला आणि एका फाइव्ह-एटला, सगळ्या मागच्या फळीतल्या जागा. म्हणजे जो मागून पळत येऊन ट्राय करतो किंवा शेवटचा पास देतो तो दिसतो. आणि पुढच्या फळीतले ते प्रॉप, जे बॉल घेऊन सरळ तीन माणसांच्या अंगावर जातात, पडतात, उठतात, परत जातात, त्यांना कोण विचारतं? लग्नात फोटो नवरा-नवरीचे, पण रात्रभर पातेली घासणारा कुठल्या अल्बममध्ये असतो? मला ब्रिस्बेनचा पेन हास दिसला. दार भरेल असा गडी. बाकीचे प्रॉप मध्ये विश्रांतीला बाहेर बसतात, हा बैलासारखा राबतच राहतो. माझ्यातला कोल्हापूरकर जागा झाला. तीन गुण पेन हास, दोन जॉन्सन, एक पोंगा.

शुक्रवारी शीट उघडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते तिघं एका बाजूला झाले.

"प्रॉप?" बिबट्या म्हणाला. "प्रॉप?" कीवी ताई म्हणाली, आणि लॅमिंग्टनचा डबा, ज्यात अजून दोन शिल्लक होते, तिने झाकण लावून परत नेला. वामने माझ्याकडे दयेने बघितलं आणि म्हणाला, मेट, तू चांगला माणूस आहेस. पार्किंगचं काय झालं ते सांगत नाही. दुपारी मायक्रोवेव्हला माझा नंबर चौथा.

पुढच्या बुधवारी, २७ सप्टेंबरला, खऱ्या बक्षिसांची रात्र. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, घरी बायको गणपतीच्या निरोपाची तयारी करत होती आणि मी मोदकाचं सारण ढवळत एका डोळ्याने टीव्ही बघत होतो, आता सवयच लागली होती त्याला काय करणार. राउंडमागून राउंड गुण सांगत गेले. पोंगा ५६, जॉन्सन ५५. एका गुणाने! गूळ खाली लागला. कोचचं बक्षीस मात्र वॉरियर्सच्या अँड्र्यू वेबस्टरला मिळालं, हेड कोच म्हणून पहिल्याच वर्षी. आणि हो, प्रॉपच्या बक्षिसात पेन हासचंही नाव होतं, पण हे ऑफिसात सांगायला मला कोणी संधी दिली नाही.

गुरुवारी कीवी ताई पॅन्ट्रीत आलीच नाही. मी तिच्या टेबलावर मोदक ठेवून आलो. तिने विचारलं, हे कशाबद्दल? मी म्हटलं, आमच्याकडे याला उत्तेजनार्थ म्हणतात. मग तो शब्द इंग्रजीत समजावायला मला दहा मिनिटं लागली. पहिला नाही, दुसरा नाही, तिसराही नाही, पण अगदी रिकाम्या हाताने पाठवायला बरं दिसत नाही म्हणून देतात ते. ती म्हणाली, हे तर आमचं क्लबचं ब्रीदवाक्य व्हायला पाहिजे.

आणि रविवारी फायनल. ब्रिस्बेन २४, पेन्रिथ ८. एझ्रा मॅमच्या तीन ट्राय, चर्चिल मेडल त्याच्या खिशात अर्धं गेलेलं. आणि मग शेवटच्या वीसेक मिनिटांत नेथन क्लिअरीने काय करावं, ट्राय होतील असे बॉल दिले, ४० मीटरच्या वर बॉल मारून ताबा परत आणला आणि शेवटी स्वतः जाऊन ट्राय केली. २६-२४. सलग तिसरा कप. मेडल अर्थात त्याला. सोमवारी लेबर डेची सुट्टी, म्हणजे बिबट्याला तयारीला एक दिवस जादा मिळाला, आणि मंगळवारी तो पॅन्ट्रीत शिरला ते अशिलाची फाशी रद्द करून आलेल्या वकिलासारखा. बुधवारी बेस्ट कोणाला दिलं आणि रविवारी बेस्ट कोण निघाला? आधी बक्षीस आणि मग फायनल, ही काय पद्धत झाली? कीवी ताई म्हणाली, सीझनचं बक्षीस सीझनचं, वीस मिनिटांचं नाही. वाम म्हणाला, १९८६ ला दोन्ही एकालाच मिळालं होतं, भानगडच नव्हती.

मी कोपऱ्यात. भाजी वांग्याची. टिंग झालं आणि तेवढ्यात कोल्हापूरहून मित्राचा फोन. आमच्या गल्लीच्या मंडळाच्या देखाव्याचं पहिलं बक्षीस हुकलं. दोन महिने पोरं रात्र रात्र जागून थर्माकोल न वापरता अख्खा बुरूज उभा केला होता, आणि पहिला नंबर पलीकडच्या गल्लीला, ज्यांनी भाड्याने आणलेली हलती मूर्ती ठेवली! आम्हाला दुसरं. मी म्हटलं, दुसरं? कुणाला विचारून दुसरं? जज कोण होतं? बुरूज हाताने केलाय हे सांगितलं का त्याला? मागच्या वर्षीपण त्यांनाच दिलं होतं ना, अरे मग रोटेशन नको काय! माझा आवाज कधी चढला कळलंच नाही, मायक्रोवेव्ह दर मिनिटाला टिंग टिंग आठवण करत होता, आणि मी फ्रिजवर हात आपटत मराठीत भाषण ठोकत होतो.

फोन ठेवला तर तिघंही दारात, गप्प.

कीवी ताईने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. बुरूज, हलती मूर्ती, सगळं.

बिबट्याने मीट पाय खाली ठेवला. "जज किती होते?"

"एक."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "एकच?" वाम मान हलवत म्हणाला. "तिथेच घोळ आहे. इथे पण दोन केले."

"हाताने केलेल्याला वेगळे गुण पाहिजेत," बिबट्या म्हणाला, "भाड्याच्या मूर्तीचे कापायला पाहिजेत. सस्पेंड झालेल्या खेळाडूचे कापतात तसे."

कीवी ताई काही बोलली नाही. जरा थांबून तिने विचारलं, "किती गुणांनी गेलं?"

"एका."

तिने पुढे येऊन मायक्रोवेव्हचं दार उघडलं, डबा बाहेर काढला, बोटाने भाजी चाचपून बघितली, परत आत ठेवला आणि दोन मिनिटं वीस सेकंद लावले.