रीच चांगला आहे, मामा!

लालबागला राहून घरगुती फराळ विकायला काढणं हे मुळातच धाडस. खाली उतरलं की चिवडा गल्ली, चार पावलांवर मसाला गल्ली. पण बायकोच्या हाताला चव आहे आणि भाच्याच्या हातात फोन.

2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली तेव्हा हा भाचा बेकार झाला होता. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या आणि तो सल्लागार झाला. "मामा, गल्ली विसर. आपलं गिऱ्हाईक इन्स्टावर आहे," म्हणाला, आणि आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात स्ट्रॅटेजी घुसली.

स्ट्रॅटेजीला तेल फार लागतं. रील उभी हवी. ओट्यापाशी माणसालाच उभं राहायला जागा नाही, तिथे फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. पहिल्या तीन सेकंदांत पब्लिक थांबलं पाहिजे, म्हणून सोऱ्यातून चकली पडताना दाखवायची. "मामी, परत." उजेड कमी, परत. कुकरची शिट्टी झाली, परत. शेवटी झकास घाणा जमला, तर मागून आईचा आवाज: "अगं, ते शूटिंग राहू दे, गॅस बारीक कर, करपल्या बघ!" भाच्यानं तो आवाज तसाच ठेवला. ऑथेंटिक वाटतो म्हणे.

रील चालली. किंमत चकलीएवढ्या मोठ्या आकड्यांत लिहिली होती, तरी निम्म्या कमेंट "प्राइस?" एवढ्याच. एक काकू "आम्ही भाजणीत धणे जास्त घालतो" असं शिकवून गेल्या. ऑर्डर शून्य. "पण रीच चांगला आहे, मामा!" रीच म्हणजे रील किती जणांपर्यंत पोचली तो आकडा. वाणी काही उधारी रीचवर वळती करून घेत नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. कॅटलॉग लावला, ब्रॉडकास्ट लिस्ट केली. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. म्हणजे नातेवाईक. त्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. आत्यानं तेवढं सविस्तर लिहिलं: "छान! भाऊबीजेला येतेच आहे, माझा डबा भरून ठेव."

या सगळ्याला कंटाळून बायकोनं एक दिवस चकलीच्या पुड्या ऑफिसला जाताना लोकलच्या लेडीज डब्यात नेल्या. चिंचपोकळीला चढली आणि उतरेपर्यंत वहीचं पान भरलं. भाचा म्हणाला, तिथेच एक रील काढू. ती म्हणाली, "तिथे पदर सावरायला हात सुटत नाही, फोन कुठला काढतोस?"

सध्या तो त्या लेडीज डब्याला 'ऑफलाइन फनेल' (म्हणजे इंटरनेटशिवाय गिऱ्हाईक आणणारी वाट) म्हणतो, आणि सल्ल्याची फी म्हणून दर शनिवारी अर्धा किलो शेव घेऊन जातो.