जेवण तिकिटात असतं ना?

क्रूझच्या तिकिटात जेवण धरलेलं असतं, मग जहाजावर पाऊल ठेवताच स्पेशालिटी रेस्टॉरंटची, म्हणजे वेगळे पैसे मोजून जेवायच्या जागांची, पत्रकं हातात का कोंबता? बॅगा अजून केबिनमध्ये पोचलेल्या नसतात आणि बुफेच्या दारात माणूस उभा, "सर, आजच बुक करा, सवलत आहे!" दर वेळी तेच. डोकं फिरतं.

मोठ्या अमेरिकन जहाजांवर स्टेकहाउसला माणशी 50 डॉलरच्या पुढे मोजायचे, वर 18 ते 20 टक्के सर्व्हिस चार्ज. दोघांचे सहज दहा हजार रुपये जातात. त्यात एक जण शाकाहारी असला तर त्याने मश्रूम आणि बटाटे खाऊन स्टेकचेच पैसे भरायचे! हा कुठला न्याय?

आणि जे सांगायला हवं ते कुणी सांगत नाही. मेन डायनिंग रूममध्ये, म्हणजे तिकिटातच धरलेल्या मोठ्या जेवणघरात, हेड वेटरला आदल्या रात्री सांगितलं, तर बऱ्याच जहाजांवर डाळ-भाजी वेगळी करून देतात, एक पैसाही जादा न घेता. गोव्याची कितीतरी माणसं या जहाजांवर राबतात, ती आपुलकीने विचारतात.

समोर तव्यावर शिजवणारं तेप्पान्याकी एखाद्या सी-डेला, म्हणजे जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवशी, जरूर घ्यावं, त्याला माझी ना नाही. पण रोज स्पेशालिटीत जेवायचं पॅकेज? बंदराच्या दिवशी आपण बाहेरच खातो!

ओशिॲनिया, व्हर्जिन व्हॉयेजेस या क्रूझ कंपन्या जवळपास सगळी रेस्टॉरंट भाड्यातच देतात. बाकीच्यांनी निदान खरा आकडा तिकीट काढतानाच सांगावा.