पैठणच्या पुढे

"अरे पण नाशिकला समुद्र आहे कुठे?" बॅचच्या ग्रुपवरचं हे वाक्य मी सकाळी बीबानेनमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, उभ्या उभ्या वाचलं. खाली तेवीस हसरे चेहरे. बाहेर पाऊस. नॉर्वेतल्या बर्गनला तो असतोच, पण त्या दिवशी तोही खिजवतोय असं वाटलं.

झालं होतं एवढंच: आमच्या कॉलेजातली मुलं दोन दिवसांची हॅकेथॉन घेणार आहेत. विषय समुद्र वाचवणं आणि किनाऱ्यावरचे धंदे टिकवणं. माजी विद्यार्थ्यांनी मिळून तीन लाख द्यावेत अशी विनंती. लगेच सुरू. सिंहस्थ तोंडावर आलाय, आधी रामकुंडाचं बघा. तपोवनातल्या झाडांचं बघा. समुद्र मुंबईवाले बघतील. गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या जुन्या मित्राने मला टॅगच केलं, "तू दे की, तुमच्याकडे क्रोन झाडाला लागतात."

राग पैशांचा नव्हता. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, न्हावाशेव्याहून निघालेली द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून युरोपात यायला लागली, तेव्हा याच ग्रुपवर रोज जगाचा नकाशा पडत होता. इथल्या रेमा सुपरमार्केटमधल्या द्राक्षांच्या डब्यावर 'इंडिया' वाचून मी फोटो टाकला, तेव्हा समुद्र कुठे असं कुणी विचारलं नाही. आणि बुधवारच्या बाजारातले सुके बोंबील काय गंगापूर धरणावर वाळत घालतात?

जेवणाच्या सुट्टीत मी लांबलचक उत्तर लिहिलं. इथे समुद्रात पाळलेल्या सॅमनच्या प्रत्येक पिंजऱ्यातल्या माशांवरच्या उवा दर आठवड्याला मोजतात, आकडा बारेन्ट्सवॉच या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसतो, माशामागे सरासरी अर्धी प्रौढ मादी ही मर्यादा, वगैरे वगैरे. जरा चढ्या आवाजातच लिहिलं. मित्राचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "तेल विकून गबर झालेल्यांनी समुद्र शिकवू नये."

यावर मी गप्प बसलो, कारण पुढचं मला ठाऊक होतं. जानेवारी २०२४ मध्ये इथल्या संसदेने समुद्रतळ खाणकामासाठी खुला करायला मंजुरी दिली होती. वर्षअखेरीस परवाने अडले, ते एका छोट्या पक्षाने बजेटच्या वेळी अट घातली म्हणून. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. उवांचं मात्र लिहिलं.

हॅकेथॉनबद्दल ग्रुप अगदीच चूक नाही, हेही लिहिलं नाही. इथल्या एका स्पर्धेत मी मार्गदर्शक होतो. पहिल्या आलेल्या संघाची लिंक महिन्याभरात उघडेनाशी झाली. उलट नाशिकलाच २०१५ च्या सिंहस्थाआधी एमआयटीतल्या रमेश रासकरांनी कुंभथॉन नावाची अशीच हॅकेथॉन भरवली, त्यातून पायाच्या दाबावर गर्दी मोजणारी चटई निघाली. ते जमलं, कारण घाट, पोलीस, गर्दी, सगळं हाकेच्या अंतरावर होतं. समुद्राचं तसं नाही. समुद्रावरचा माणूस नाशिकला आणावा लागेल.

गेल्या डिसेंबरात सुट्टीवर आलो तेव्हा पालघरच्या मावसबहिणीबरोबर सातपाटीच्या बंदरात गेलो होतो. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, त्याच वर्षी लहान मासा पकडू नये म्हणून कमीत कमी लांबीचे नियमही आले. माझ्या डोक्यात लगेच अ‍ॅप. फोटो काढा, लांबी कळेल. एका तांडेलकाकांना, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, उत्साहाने सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपलीतून तळहाताएवढं पापलेट उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. थंडगार, चांदीचा चुरा बोटांना लागला.

"मोजा," म्हणाले. "मेलाय तो."

उत्तर मला बर्गनला परतल्यावर सुचलं. बारेन्ट्स समुद्रात लहान मासे फार लागले की तेवढा पट्टा काही काळ बंद करतात, १९८४ पासून. एका होडीवरची मोजपट्टी कामाची नाही. पन्नास होड्यांचे फोटो एकाच सकाळी आले, तर आज कुठे जाळं टाकू नये ते कळेल. पण आपली मासे लागायची जागा कुठला तांडेल दुसऱ्याला सांगेल? जागा न फोडता माहिती कशी जमवायची, हा प्रश्न मुलांना द्यावा. तोही तांडेल समोर बसवून, त्याचा बुडालेला दिवस भरून देऊन. टी-शर्ट आणि ट्रॉफ्या नकोत. उरतील त्या पैशांत दोन मुलांना सहा महिने सातपाटीला ठेवा.

हे रात्री ग्रुपवर टाकलं आणि मग, का कोण जाणे, पुढेही लिहीत गेलो. २०१९ मध्ये बाबांच्या अस्थी रामकुंडात सोडल्या, तेव्हा हार, कापड, उदबत्तीचं पाकीट असलेली प्लॅस्टिकची पिशवी मी दुतोंड्या मारुतीजवळ पाण्यात भिरकावली होती. विमान गाठायचं होतं. पुढे मुलीबरोबर इथल्या संग्रहालयात गेलो. २०१७ मध्ये सोत्राला किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे. त्याच्या पोटात तीसेक पिशव्या निघाल्या. मुलगी पाटी मोठ्याने वाचत होती, नॉर्वेजियनमध्ये, माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारांत. मला घाटाच्या पायऱ्या दिसत होत्या.

बराच वेळ नुसत्या निळ्या टिका. मग मित्राचा मेसेज, "तुझी पिशवी पैठणच्या पुढे गेलीच नसेल रे. नाथसागरात अडकली असेल." थोड्या वेळाने दुसरा, "आणि काकांच्या वेळी गुरुजींची दक्षिणा मी दिली होती. अजून दिली नाहीस."

खरं आहे. शेवटचे आठ दिवस दवाखान्यातही तोच होता.

मी दक्षिणा पाठवली आणि हॅकेथॉनला पंचवीस हजार, वरच्या अटींसह. "अटी घालायला तू कोण?" हे आलंच. त्याला अजून काही पटलेलं नाही. पण काल देणगीदारांची यादी आली, तिच्यात माझ्या वर त्याचं नाव आहे, दहा हजार. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलंय: मु. पो. समुद्र, मार्गे पैठण.